बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून बीसीए करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) कॉमर्स, आणि २०२२ ते २०२५ बेळगावातल्या एका खासगी कॉलेजात बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची डिग्री. आता बेळगावातच एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात काम करते. पीयूसीचा निकाल लागला की गावातल्या, नात्यातल्या, बसमध्ये ओळख झालेल्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. माझ्या वेळी विचारायला कुणी नव्हतं. पहिलं सेमिस्टर मी निव्वळ भीतीत काढलं. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे तो नंबर सांगितलाय.

१. बीसीएत नेमकं शिकवतात काय? कॉम्प्युटर क्लास लावला तर तेच होत नाही का?

नाही होत. क्लासमध्ये वर्ड, एक्सेल, टॅली वापरायला शिकवतात. बीसीएत अशी सॉफ्टवेअर तयार कशी होतात ते शिकवतात. आमच्या बॅचला पहिल्या सेमिस्टरला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, दुसऱ्याला डेटा स्ट्रक्चर आणि जावा, तिसऱ्याला डेटाबेस, चौथ्याला पायथन, शेवटी पीएचपी-मायएसक्यूएल आणि प्रोजेक्ट होता. जोडीला गणित, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, भाषा. अभ्यासक्रम अधूनमधून बदलतो, पण सी आणि डेटाबेस हे दोन खांब कुठल्याही बॅचला चुकत नाहीत.

बेळगाव जिल्ह्यातली बहुतेक खासगी बीसीए कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, म्हणून थोरल्या भावंडांच्या डिग्रीवर धारवाडचं नाव दिसतं. डिग्री विद्यापीठाची असते, कॉलेजची नाही. ‘अमक्या कॉलेजच्या डिग्रीला जास्त किंमत’ असं कुणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा.

२. मी कॉमर्सचा आहे आणि गणित कच्चं आहे. चालेल का?

कॉमर्सवाल्यांना बीसीए मिळतं. आमच्या वर्गात सायन्सपेक्षा कॉमर्सचीच मुलं जास्त होती. आर्ट्सवाल्यांनी मात्र त्या वर्षीची विद्यापीठाची अट वाचूनच फॉर्म भरावा.

गणिताचं म्हणाल तर संच, तर्कसारणी, मॅट्रिक्स, क्रमचय-संचय एवढं येतं. कॅल्क्युलसची भीती घालणारे बहुतेक इंजिनिअरिंगचं ऐकून बोलतात. तरीही पुढे एमसीए करायचा विचार असेल तर गणिताकडे आत्ताच नीट बघा. कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

३. ताई, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीतून झेपेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली असतो. झेपतं. मला झेपलं.

पण ‘काही अवघड नाही’ असं खोटं सांगणार नाही. पेपर इंग्रजीतच लिहायचा असतो. पहिले दोन महिने सर बोलायचे आणि मी फळ्यावरचं नुसतं उतरवून घ्यायचे. कळायचं काहीच नाही. मग मी वहीची पद्धत बदलली. उजव्या पानावर फळ्यावरचं इंग्रजी, डाव्या पानावर रात्री घरी बसून तेच माझ्या मराठीत. ‘लूप’ समोर लिहिलं होतं: ‘जात्याचा फेरा. दाणे संपेपर्यंत फिरवायचं, संपले की थांबायचं. थांबायची अट विसरलो तर जातं रिकामंच फिरत राहतं.’ ती वही अजून माझ्याकडे आहे.

एकदा विषय मराठीत डोक्यात बसला की इंग्रजीत लिहायला शब्द फार लागत नाहीत. कॉम्प्युटरच्या पेपरात व्याख्या, आकृती, प्रोग्रॅम आणि त्याचं आउटपुट यांवर मार्क असतात. वाक्यं छोटी लिहिलीत तरी मार्क कापत नाहीत. पारिभाषिक शब्द तर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही नवेच असतात. ‘पॉइंटर’ त्यांनीही शाळेत ऐकलेला नसतो.

आणि एक खजिना आहे जो मला उशिरा सापडला. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम. सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे छोटे छोटे व्हिडिओ त्यांनी मराठीतून केलेत आणि ते फुकट आहेत. एक व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, तेच स्वतः टाइप करायचं, मग पुढचा. पहिल्या सेमिस्टरच्या सुट्टीत मी सीचे सगळे तसे संपवले आणि दुसऱ्या सेमिस्टरला पहिल्यांदा वर्गात हात वर केला.

४. वर्गात सगळे कन्नड बोलतात म्हणे. मला फारसं येत नाही.

कॉलेजवर अवलंबून आहे. माझ्या वर्गात निम्मी मुलं बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडची होती. सर इंग्रजीत सुरू करायचे, अवघड जागी कन्नडवर यायचे, शेवटी ‘तिळीत?’ विचारायचे. सगळ्यांबरोबर मीही मान हलवायचे. ‘तिळीत’ म्हणजे ‘कळलं का’ एवढंच मला कळलेलं असायचं.

शेवटी एक दिवस तासानंतर स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं की सर, कन्नडमधला भाग माझा सुटतो. ते रागावले नाहीत. पुढच्या तासापासून तोच मुद्दा ते इंग्रजीतही सांगू लागले. तेव्हा लाजू नका, पण वर्गात सगळ्यांसमोर तक्रारीच्या सुरातही बोलू नका. तासानंतर भेटून सांगा.

आणि कन्नड शिकाच. भाषेच्या वादात आपण इथे लहानाचे मोठे झालो, त्याचं ओझं वर्गातल्या मैत्रीवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं. माझ्या बैलहोंगलच्या मैत्रिणीने मला कन्नड वाचायला शिकवलं, ती माझ्याकडून मराठी शिकली. नाडकचेरीतला (दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीतला) कन्नड फॉर्म मी आता कुणाला न विचारता भरते. घरच्यांची पण कामं त्यामुळे होतात.

५. भाषा विषय म्हणून मराठी घेता येते का?

ज्या कॉलेजात मराठी शिकवायला प्राध्यापक आहेत तिथे घेता येते. अडचण अशी की ‘पुरेशी मुलं नाहीत’ म्हणून काही कॉलेजं वर्गच भरवत नाहीत आणि प्रवेश झाल्यावर हे सांगतात. फी भरण्याआधी विचारा: यंदा मराठीचा वर्ग आहे का, शिकवणारं कोण आहे, मागच्या वर्षी किती मुलं होती.

६. बीसीए तीन वर्षांचं की चार? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सांगणारा कोणत्या बॅचचा आहे ते विचारा म्हणजे गोंधळ सुटेल. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे चार वर्षांची ऑनर्स रचना आली. तिच्यात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडायची मुभा होती, माझी बॅच त्यातलीच. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ती रचना बंद करून पुन्हा तीन वर्षांची डिग्री आणली. म्हणजे आता प्रवेश घेणाऱ्यांना तीन वर्षं, सहा सेमिस्टर.

आणखी एक बदल त्याच वर्षीचा. २०२४-२५ पासून बीसीए हा कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आला. कॉलेज निवडताना त्याचा उपयोग होतो, पुढचं उत्तर बघा.

७. खासगी कॉलेज निवडताना काय बघायचं?

इमारत आणि गेटवरचा टॉपर्सचा फ्लेक्स सोडून द्या. दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला, कॉलेज चालू असताना जा आणि लॅब दाखवा म्हणा. लॅबला कुलूप असेल आणि चावी शोधायला कुणी पळालं, तर उत्तर मिळालं. लॅब उघडी असेल तर आत बसलेल्या मुलांना विचारा की एका मशीनवर किती जण बसता. आमच्याकडे दोघी एका मशीनवर बसायचो. जिला येतं तीच टाइप करायची, दुसरी बघत राहायची. पहिले तीन महिने बघणारी मी होते. लाइट गेली की तासच गेला, कारण यूपीएस ऑफिसला होता आणि लॅबला नव्हता.

मग विचारा: विद्यापीठाची संलग्नता आणि एआयसीटीईची मान्यता या वर्षाची आहे का? सी आणि डेटाबेस शिकवणारे कायम आहेत का? आमचे डेटाबेसचे सर सेमिस्टरच्या मध्यात गेले आणि महिनाभर तो तास रिकामा गेला.

फीचा आकडा विचारताना ‘वर्षाची फी किती’ असं विचारू नका, कारण तेवढंच सांगतात. ट्यूशन, परीक्षा फी, लॅब, युनिफॉर्म, ‘इतर’ हे वेगवेगळं लिहून मागा. प्रत्येक पैशाची पावती घ्या. स्कॉलरशिपला पावती लागते.

८. स्कॉलरशिप कशी मिळते? मागच्या वर्षी फॉर्म भरला पण पैसे आलेच नाहीत.

कर्नाटकात बहुतेक सरकारी स्कॉलरशिप एसएसपी या राज्याच्या पोर्टलवरून मिळतात. लागतं ते असं: आधार, नाडकचेरीतून काढलेले जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, त्यांच्यावरचा आर.डी. नंबर, कॉलेजातला प्रवेशाचा नंबर आणि फीची पावती. कागदांची ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) कॉलेजातच करून घ्यायची असते. मराठा समाज कर्नाटकात ३-बी या मागास प्रवर्गात येतो, आणि महाराष्ट्रातल्या नातेवाइकाच्या दाखल्यावर काय लिहिलंय याच्याशी इथे काही संबंध नाही.

पैसे न येण्याची जी कारणं मी आसपास बघितली त्यांत दोनच पुन्हा पुन्हा दिसली.

पहिलं, बँक खातं आधारशी ‘सीड’ नसणं. खात्याला आधार नंबर दिलेला असणं आणि सीड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसा आधारवरून येतो आणि आधार ज्या एका खात्याला सीड असेल तिथेच पडतो. माझ्या एका मैत्रिणीची रक्कम तिच्या आईने कधीतरी गावात उघडून दिलेल्या जुन्या खात्यात जाऊन बसली होती आणि ती वर्षभर कॉलेजच्या क्लार्कशी भांडत होती. बँकेत जाऊन ‘एनपीसीआय मॅपिंग कुठल्या खात्याला आहे’ असंच विचारा.

दुसरं, नावाचं स्पेलिंग. आपली नावं मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जातात, वाटेत एखादं अक्षर गळतं किंवा वाढतं. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कलिस्टवर, आधारवर आणि दाखल्यावर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते पीयूसीच्या सुट्टीतच बघा. सोपा उपाय म्हणजे मार्कलिस्ट खरी मानून आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करणं. मार्कलिस्ट बदलायला गेलात तर चपला झिजतील.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली सुरू झालेली रयत विद्यानिधी ही वेगळी योजना आहे. डिग्रीच्या मुलांना वर्षाला ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये, असा तिचा दर ठरला होता. तिच्यासाठी आई किंवा वडिलांच्या नावाने फ्रूट्स आयडी, म्हणजे शेतकरी नोंदणी, लागते. आमच्या भागात अडतं ते इथेच. जमीन कसतात वडील, पण उतारा अजून आजोबांच्या नावावर. मग वडिलांची नोंदणी होत नाही आणि हक्काचे पैसे हातातून जातात. आमच्या घरी वारसा नोंदीला आठ महिने लागले, तोवर माझं पहिलं वर्ष संपलं होतं. दुसऱ्या वर्षापासून मिळाले.

पीयूसीला चांगले मार्क असतील तर केंद्र सरकारची राष्ट्रीय पोर्टलवरची स्कॉलरशिपही बघा. बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमधल्या आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असलेल्या मुलांना डिग्रीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही कुठल्याही राज्याच्या बोर्डाला लागू आहे.

९. लॅपटॉप घ्यायलाच हवा का? घरची परिस्थिती बेताची आहे.

पहिल्या सेमिस्टरला कर्ज काढून घेऊ नका. सीचे प्रोग्रॅम मोबाइलवरच्या ऑनलाइन कंपायलरमध्येही (प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) चालतात, स्क्रीन लहान म्हणून त्रास होतो एवढंच. जावा आणि डेटाबेस सुरू झाले की मशीन लागतंच. तेव्हा ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, कुणाच्या तरी ओळखीतला वापरलेला लॅपटॉप पुरतो. चकचकीत गेमिंग लॅपटॉप विकणाऱ्याचं ऐकू नका. माझा तीन वर्षांचा सगळा अभ्यास आणि प्रोजेक्ट मामाच्या ऑफिसातून निघालेल्या जुन्या लॅपटॉपवर झाला.

१०. कॉलेजात चालणारा प्रोग्रॅम घरी एरर देतो. माझं काय चुकतंय?

तुमचं काहीच चुकत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी हे कंपायलर असतं, तीच निळी स्क्रीन. ते फार जुनं आहे. घरी तुम्ही कोडब्लॉक्स किंवा मोबाइलवरचं नवं कंपायलर वापरता. टर्बोत वरती ‘कोनिओ’ फाइल जोडून स्क्रीन पुसायची आज्ञा देतात, नव्या कंपायलरला ती ओळखीचीच नसते. त्या ओळी काढा, ‘व्हॉइड मेन’च्या जागी ‘इंट मेन’ करा, प्रोग्रॅम चालेल.

उत्तरंही बदलतात आणि हे बघण्यासारखं आहे. २०,००० अधिक २०,००० ची बेरीज ‘इंट’मध्ये करून बघा. घरी ४०,००० येईल. टर्बोत उणे २५,५३६ येईल. कारण टर्बोत ‘इंट’ला दोन बाइट मिळतात आणि त्यात ३२,७६७ च्या वर आकडा मावत नाही. गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखं, भरला की उलटतो. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मशीन बिघडलंय म्हणून सरांना बोलावलं होतं.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी दोन दिवस मात्र टर्बोवरच सराव करा. परीक्षा त्याच्यावरच असते.

११. सी काहीच कळत नाही. सोडून बीकॉमला जाऊ का?

थांबा. पहिल्या सेमिस्टरच्या दुसऱ्या महिन्यात मी वडिलांना हेच म्हणाले होते.

पहिल्या इंटर्नलची (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेची) गोष्ट सांगते. दोन आकडे घेऊन बेरीज करायची, एवढाच प्रोग्रॅम. पाठ होता. टाइप केला, एरर नाही. ५ आणि ७ दिले. उत्तर आलं चार आकडी, तेही उणे. पुन्हा दिले, पुन्हा भलतंच. वेळ संपली, मी रडकुंडीला आले. सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ‘स्कॅनएफ’मध्ये, म्हणजे आकडा वाचून घ्यायच्या आज्ञेत, व्हेरिएबलच्या आधी ‘अँड’चं चिन्ह राहिलं होतं. त्या चिन्हाचा अर्थ ‘याचा पत्ता’. पोस्टमनला पत्र टाकायचं तर घराचा पत्ता लागतो. मी पत्ता दिलाच नव्हता, घरात जो जुना कचरा पडला होता तोच नंबर पत्ता म्हणून दिला होता. माझे ५ आणि ७ कुठेतरी भलत्या दारात जाऊन पडले.

त्या दिवशी मला पॉइंटर कळले, जे पुस्तकातल्या चौदा पानांत कळले नव्हते. प्रोग्रॅम पाठ करणं बंद केलं. रोज संध्याकाळी एक प्रोग्रॅम न बघता लिहायचा, मुद्दाम एक गोष्ट मोडायची आणि काय होतं ते बघायचं. महिनाभर हे करा. लॅबमध्ये दोघांत एक मशीन असेल तर अर्धा तास कीबोर्ड हक्काने मागून घ्या. बघून पोहायला येत नाही. महिन्यानंतरही नकोसंच वाटत असेल तर कोर्स बदलायला लाज कसली? फीच्या परताव्याच्या तारखा मात्र प्रश्न १५ मध्ये बघून मगच निर्णय घ्या.

१२. रोज गावाहून येऊन-जाऊन होईल का, की खोली घ्यावी?

खानापूर, हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर, सांबरा या बाजूंनी होतं. निपाणीहून रोज बेळगाव फार दमवतं. तिकडच्यांनी निपाणी-चिकोडीतलंच कॉलेज आधी बघावं. मुलांना एनडब्ल्यूकेआरटीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी बसचा, विद्यार्थी पास सेवासिंधू पोर्टलवरून मिळतो. कर्नाटकातल्या मुलींना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. माझं पहिलं वर्ष पासवर गेलं, नंतर नुसतं आधार दाखवून. बस सकाळी इतकी भरते की बसायला जागा मिळणं नशिबाचं, पण परतीच्या बसमध्ये वही काढता येते.

खोली घ्यायची तर टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर भागात कॉलेजं जवळ पडतात.

१३. हजेरी कमी पडली किंवा विषय गेला तर वर्ष वाया जातं का?

हजेरी ७५ टक्के हवी. शेतीची कामं, घरचं लग्न, आजारपण असेल तर आधी अर्ज द्या. नंतर दिलेल्या अर्जाला कुणी विचारत नाही. विषय गेला तर तो पुन्हा देता येतो, वर्ष आपोआप वाया जात नाही. पण सीचा विषय राहिला तर डेटा स्ट्रक्चर कळणार नाही, तेव्हा तो साठवू नका. उत्तरपत्रिकेची प्रत आणि फेरतपासणी यांचा अर्ज यूयूसीएमएस या विद्यापीठांच्या पोर्टलवर करायचा असतो आणि मुदत फार थोडी असते. निकाल बघून चार दिवस रडण्यात घालवू नका, आधी अर्ज.

१४. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट विकत मिळतं. घेऊ का?

नको. परीक्षकांना ते लगेच कळतं, कारण तेच ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ त्यांनी सकाळपासून सहा वेळा पाहिलेलं असतं.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचं केलं. दूध घालणाऱ्याचा नंबर, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) आणि दर दहा दिवसांचं बिल. दर एका आकड्यावर ठरत नाही, फॅट आणि एसएनएफ दोन्ही जुळवून तक्त्यातून काढावा लागतो. तो तक्ता डेटाबेसमध्ये बसवायला मला तीन आठवडे लागले. सचिव काकांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी ४.२ फॅटच्या जागी घाईत ४२ टाकलं आणि एका गाईचं बिल हजारोंत गेलं. मग म्हशीच्या आणि गाईच्या फॅटची मर्यादा घातली, त्याच्या बाहेरचा आकडा घ्यायचाच नाही असं केलं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं: चुकीचा आकडा टाकला तर? पुढची दहा मिनिटं मी बोलत होते, इंग्रजीत, आणि ते ऐकत होते.

तुमच्या आजूबाजूला काजूचा कारखाना असेल, पतसंस्था असेल, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणी फाउंड्रीत असेल. त्यांची एखादी वही घ्या आणि तिचं सॉफ्टवेअर करा.

१५. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का? कॉलेज ओरिजिनल मार्कलिस्ट देत नाही.

यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना याबद्दलच आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यातून फक्त थोडी प्रक्रिया फी कापता येते. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. ओरिजिनल कागद कॉलेजने पडताळून लगेच परत द्यायचे असतात, अडकवून ठेवता येत नाहीत.

प्रत्यक्षात काय होतं? माझ्या वर्गातल्या एका मुलाला डिप्लोमाला जागा मिळाली तेव्हा आमच्या कॉलेजने ‘तीन वर्षांची फी भर, मग मार्कलिस्ट घे’ असं तोंडी सांगितलं. त्याने लेखी अर्ज दिला, अधिसूचनेची प्रत जोडली आणि पोचपावती मागितली. पोचपावती मागितल्यावर आठवड्यात मार्कलिस्ट मिळाली. तोंडी भांडू नका, लेखी मागा.

१६. मी चंदगडचा आहे, महाराष्ट्र बोर्डातून बारावी. बेळगावात बीसीए करता येईल का?

येईल, चंदगड-आजऱ्याची मुलं आमच्याकडे होती. दुसऱ्या बोर्डातून आल्यामुळे विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र आणि आधीच्या बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी पूर्ण करा. पण पैशाचं गणित आधी मांडा. एसएसपीच्या योजना कर्नाटकच्या रहिवाशांसाठी आहेत. शक्तीचा मोफत प्रवासही कर्नाटकचा पत्ता असलेल्या मुलींनाच. प्रश्न ८ मधली केंद्राची स्कॉलरशिप मात्र मार्क बसत असतील तर मिळू शकते.

१७. उलट दिशेने? मी बेळगावची, मला कोल्हापूर-पुण्यात शिकायचंय.

हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या प्रवेशांमध्ये ‘टाइप ई’ नावाचा गट आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तो आहे. सीमाभागातले असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. तिथे २०२४-२५ पासून बीसीएलाही सीईटी आहे, म्हणून पीयूसीच्या वर्षातच फॉर्मच्या तारखांवर लक्ष ठेवा. इथला जातीचा दाखला तिकडे आरक्षणाला चालेल असं धरून चालू नका.

१८. नोकरी मिळते का? आणि ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ देणारा क्लास लावू का?

गॅरंटी देणाऱ्याला एकच विचारा: नोकरी नाही लागली तर फी परत, हे लिहून देता का? माझ्या ओळखीत कुणीच लिहून दिलं नाही.

नोकरी मिळते, पण डिग्री हातात आली म्हणून नाही. मोठ्या कंपन्या बीसीए-बीएस्सीच्या मुलांना घेतात, विप्रोच्या एका योजनेत तर नोकरी करता करता एम.टेक.चं शिक्षण कंपनी देते. त्यात कराराची वर्षं असतात, वाचून मगच सही करा. दहावी, पीयूसी आणि डिग्री तिन्हीकडे ६० टक्क्यांची अट बऱ्याच ठिकाणी असते, पीयूसीला कमी पडलेले तिथे अडतात. त्यांनी छोट्या कंपन्यांकडे वळावं. माझी मुलाखत वीस मिनिटांची झाली आणि त्यातली पंधरा मिनिटं दूध संस्थेच्या प्रोजेक्टवर गेली.

१९. पुढे एमसीए करायचं तर?

एमसीए आता दोन वर्षांचं आहे. कर्नाटकात केईएची (राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाची) पीजीसीईटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, महाराष्ट्रात त्यांची वेगळी सीईटी. बारावीला किंवा डिग्रीला गणित झालेलं आहे का हे काही ठिकाणी बघतात. म्हणून प्रश्न २ मध्ये म्हटलं तसं, बीसीएच्या मार्कलिस्टवर गणिताचा पेपर चांगल्या मार्कांनी असू द्या. महाराष्ट्रात जाणाऱ्यांनी प्रश्न १७ बघा.

२०. घरचे म्हणतात, मुलीला तीन वर्षं कॉम्प्युटर शिकवून काय उपयोग? त्यांना काय सांगू?

माझी आत्या हेच म्हणायची. ‘काय गं, दिवसभर त्या डब्याकडं बघून डोळे फोडून घेतेस.’ मी तिला समजावत बसले नाही. दूध संस्थेचं सॉफ्टवेअर चालू झालं त्या दहा दिवसांचं पहिलं छापील बिल तिचंच काढलं. तिचं नाव, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट, रक्कम, सगळं मराठीत. तिने ते दोनदा वाचून घेतलं आणि मग विचारलं, मागच्या बिलात संध्याकाळचं दूध दोन दिवस कमी धरलं होतं का? धरलं होतं. पुढच्या बिलात तिला ते पैसे मिळाले.

२१. सरकारी नोकरीसाठी बीसीए चालतं का?

कुठलीही पदवी मागणाऱ्या परीक्षांना चालतं, बँकेच्यासुद्धा. कर्नाटक राज्याच्या नोकरीला कन्नड यावंच लागतं, प्रश्न ४ त्यासाठीही वाचा. महाराष्ट्राच्या एमपीएससीला, सीमावादात महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो, त्यासाठी तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आपलं गाव त्या यादीत आहे का ते बघून ठेवा, आणि रेशनकार्डाच्या जुन्या प्रती फेकू नका.